सरोजिनी नगरचा ‘ब्रँडेड’ माल

प्रश्न : पुढच्या महिन्यात लेकीला घेऊन दिल्लीला जातेय. सरोजिनी नगरात ब्रँडेड कपडे पडत्या भावात मिळतात म्हणे. अस्सल असतात का हो ताई?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काही असतात. निर्यातीच्या ऑर्डरीतून उरलेला किंवा तपासणीत नापास झालेला माल तिथे येतो. लेबल बहुधा कापलेलं असतं. झगझगीत नवंकोरं लेबल दिसलं, की मी उलट सावध होते! कपडा उलटा करून काखेतली शिवण ओढून बघा, चेन दोनदा वरखाली करा, डाग उजेडात शोधा. मापाच्या आकड्यावर जाऊ नका, लेकीच्या अंगाला लावूनच घ्या. सोमवारी बाजार बंद असतो, तेव्हा तिकिटं त्या हिशेबाने काढा. घासाघीस जांभळी नाक्यावर करता तशीच, बिनधास्त.