मृत्युपत्रात सावत्र लेकीचं नाव हवंच

ताई, तुमचे यजमान आजारी असताना मृत्युपत्राचा विषय काढणं जिवावर येतं, पण काढा. माझ्या यजमानांनी तो आपणहून काढला, किती माया होती त्यात! लेक माझ्या पहिल्या लग्नाची. त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पण सावत्र मूल कायदेशीर दत्तक घेतलेलं नसेल, तर बहुतेक ठिकाणी त्याला आपोआप वारसा मिळत नाही. म्हणून मृत्युपत्रात तिचं नाव स्पष्ट लिहा. साक्षीदार असे घ्या, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. विम्याचं, बँकेचं नामनिर्देशन वेगळं तपासा. जुनी नावं तिथे तशीच राहतात. व्हेंटिलेटर नको, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं, त्यामुळे तो निर्णय आम्हा मायलेकींवर पडला नाही. कागद कुठे आहेत, ते लेकीलाही सांगा.