तालमीचे रेकॉर्डिंग सगळ्या साथीदारांपर्यंत, पदरमोड न करता

प्रश्न : आमचा आठ जणांचा वाद्यवृंद आहे. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात कार्यक्रम असतात, एरवी सगळे नोकरी-धंदा सांभाळून दर रविवारी विजापूर रस्त्यावरच्या एका गाळ्यात तालीम करतो. एक साथीदार अक्कलकोटहून येतो आणि दोघे पुण्यात असल्यामुळे त्यांना महिन्यातून एखादीच तालीम मिळते. आम्ही मोबाइलवर अख्खी तालीम रेकॉर्ड करतो. तिची दोन तासांची एकच फाइल ग्रुपवर कुणी उघडत नाही, आणि एका मोबाइलवर वाजवून दुसऱ्यावर व्हॉइस नोट केली तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. महिन्याला थोडे पैसे भरून एखादी सेवा घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती?
– एक सॅक्सोफोनवादक, जुळे सोलापूर

उत्तर : पैसे भरून कोणतीही सेवा घेऊ नये, निदान पहिले वर्षभर तरी नाही. आपली अडचण फाइली साठवण्याच्या जागेची नसून रेकॉर्डिंगच्या कापणीची आहे. दोन तासांच्या तालमीत वाद्ये जुळवणे, चहा, ‘परत घेऊ’ म्हणून तिसऱ्या ओळीवर थांबणे आणि कीबोर्डची वायर शोधणे हे सगळे वजा केले, तर ऐकण्यासारखे चाळीस मिनिटांपेक्षा जास्त क्वचितच उरते. ती चाळीस मिनिटे गाण्यागणिक वेगळी करून त्याच रात्री साथीदारांच्या हातात पडली, तर पुण्यातले दोघे ती बसमध्येसुद्धा ऐकतील. अख्खी फाइल मात्र तुम्ही सोन्याच्या ताटात वाढली तरी कुणी ऐकणार नाही.

आधी आकडे पाहू, कारण खर्चाची भीती बहुधा आकडे न मांडल्यामुळेच वाटते. सीडीच्या दर्जाची, म्हणजे वेव्ह प्रकारची स्टिरिओ फाइल मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते, म्हणून दोन तासांची तालीम सव्वा जीबीच्या पुढे जाते. गुगल ड्राइव्हचे मोफत खाते १५ जीबीचे असते आणि त्यात जीमेल व फोटोही धरलेले असतात. कच्च्या फाइली तशाच चढवल्या तर बाराव्या रविवारी खाते भरलेले असेल. तेच ध्वनिमुद्रण १९२ केबीपीएसच्या (सेकंदाला १९२ किलोबिट) एमपी३ मध्ये बदलले, तर मिनिटाला दीड एमबीहून किंचित कमी जागा लागते. चाळीस मिनिटांचे साठ एमबीच्या आत, वर्षातल्या अठ्ठेचाळीस तालमी धरल्या तरी तीन जीबीच्या आत. म्हणजे एका मोफत खात्यावर पाच वर्षे निघतात. मोबाइल एकाच माइकवर रेकॉर्ड करत असेल, तर फाइल मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची ठेवून ९६ केबीपीएसवरही तोच दर्जा मिळतो आणि जागा निम्मी होते. तालमीच्या रेकॉर्डिंगमध्ये कोण कुठे चुकले एवढेच ऐकायचे असते, त्यामुळे त्याहून बारीक दर्जाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. बहुतेक मोबाइल मुळातच एमफोरए प्रकारची फाइल तयार करतात आणि ती आधीच आकसलेली असते. तिचे पुन्हा एमपी३ केले की प्रत्येक रूपांतरात थोडा आवाज गळतो आणि झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होऊ लागतो. तुमच्या मोबाइलवरच्या रेकॉर्डरमध्ये कापण्याची सोय असेल, तर तिथेच तुकडे करून मूळ प्रकारातच पाठवावे. संगणकावर काम करायचे असल्यास ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. २००० सालापासून ते उपलब्ध आहे आणि एमपी३ साठी आता वेगळे काही बसवावे लागत नाही, विंडोजवर एमफोरए फाइल उघडण्यासाठी तेवढी एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरची जोड लागते.

कापणीची रीत मी माझ्या भजनी मंडळात शिकलो. गाणे सुरू करण्यापूर्वी एकाने माइकजवळ गाण्याचे नाव आणि ‘दुसरी खेप’, ‘तिसरी खेप’ असे मोठ्याने म्हणायचे, आणि खेप चांगली झाली की शेवटी तीन टाळ्या वाजवायच्या. पडद्यावर आवाजाची जी आडवी आकृती दिसते, तिच्यात या टाळ्या तीन सुळक्यांसारख्या उभ्या राहतात. मग दोन तास ऐकत बसावे लागत नाही, सुळके शोधत जायचे आणि त्यांच्या मागची खेप कापून घ्यायची. या युक्तीने दीड तासाचे काम वीस मिनिटांवर येते. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी गाणे लिहावे, म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते. ‘नवीन’, ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ अशी नावे ठेवणाऱ्या साथीदाराकडे हे काम देऊ नये.

आता पाठवण्याकडे वळू. व्हॉइस नोट बोलण्यासाठी बनवलेली आहे; माणसाचे शब्द कळतील एवढे राखून बाकीचा आवाज ती फार कमी जागेत बसवते, आणि त्यात सॅक्सोफोनचा खर्ज व झांजेची झणझण दोन्ही जातात. तुम्ही तर एका स्पीकरमधून दुसऱ्या माइकमध्ये आवाज घेतलात, म्हणजे नुकसान दुप्पट झाले. व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असेल, तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तशी २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि दर्जा जसाच्या तसा राहतो. परंतु तिथे दोन कटकटी आहेत. फाइल आठही जणांच्या मोबाइलमध्ये आठ वेळा साठते, आणि शुभेच्छांच्या चित्रांखाली ती अशी गाडली जाते की महिन्याने शोधायला गेलात तर ग्रुप वर सरकवून बोट दुखते.

म्हणून व्हॉट्सॲपवर फक्त दुवा पाठवावा आणि फाइली ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. फोल्डरचा दुवा एकदाच ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवला की दर रविवारी नवा दुवा शोधावा लागत नाही. ड्राइव्हमधली ध्वनीफाइल उतरवून न घेताही तिथल्या तिथे ऐकता येते. सामाईक फोल्डरमध्ये जो फाइल चढवतो, तिची जागा त्याच्याच खात्यातून वजा होते. त्यामुळे आळीपाळीने दोघांनी चढवल्यास एकाच्या जीमेलवर भार पडत नाही. पण याचा दुसरा अर्थ असा, की तो साथीदार उद्या भांडून निघून गेला तर त्याच्या फाइली त्याच्याबरोबर जातात. वाद्यवृंदात हे होत नाही असे कुणी म्हणू नये. त्यापेक्षा वाद्यवृंदाच्या नावाचे स्वतंत्र खाते काढून त्याला दोन जणांचे मोबाइल क्रमांक जोडावेत, आणि ते अधूनमधून उघडत राहावे, कारण सलग दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल काढून टाकू शकते.

टेलिग्राम हा दुसरा चांगला मार्ग आहे आणि माझे व्यक्तिगत मत विचाराल तर फक्त ऐकण्यासाठी तो अधिक सोयीचा आहे. तिथे खाजगी चॅनल काढून फाइली टाकल्या की एकामागून एक गाणे आपोआप वाजत जाते, आणि तिथेही प्रत्येक फाइलला २ जीबीपर्यंत मुभा आहे. अडचण एवढीच, की आठांपैकी तिघे ‘आणखी एक ॲप कशाला’ म्हणून ते उतरवून घेणार नाहीत. ज्या मार्गावर आठही जण येतील तो मार्ग चांगला, मग तो थोडा ओबडधोबड असला तरी चालेल.

दुव्याच्या बाबतीत एक अनुभव सांगितला पाहिजे. आमच्या मंडळाने एकदा ‘दुवा असलेल्या कुणालाही ऐकता येईल’ अशी मोकळी सोय ठेवली होती. कुणीतरी तो दुवा कौतुकाने पुढे पाठवला, आणि ज्यांच्या घरी दोन आठवड्यांनी कार्यक्रम होता, त्या यजमानांनी आमची पहिली, साफ बेसूर खेप ऐकली. त्यांनी सुपारी परत घेतली नाही, पण कार्यक्रमाच्या दिवशी ‘ते तिसरे गाणे बसले का?’ असे विचारले तेव्हा तबलजीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून फोल्डर ठरावीक ईमेल पत्त्यांनाच मोकळा असतो. आठ पत्ते एकदा टाकायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

प्रश्न : आमची तालमीची खोली अशोक चौकाच्या बाजूला आहे आणि भिंतीला लागून यंत्रमाग चालतात. गाणे हळू झाले की रेकॉर्डिंगमध्ये मागांची खटखट वर येते आणि गाणे मोठे झाले की आवाज फाटतो. महागडा माइक घ्यावा काय?
– एक ढोलकीवादक

उत्तर : नवा माइक घेतलात तर तो मागांची खटखट अधिक स्पष्ट टिपेल. तुमच्या तक्रारीतच दोष सापडतो. मोबाइलचा रेकॉर्डर आवाज आपोआप वर-खाली करतो. गाणे हळू झाले की त्याला वाटते कुणी कुजबुजत आहे, म्हणून तो सगळाच आवाज वर उचलतो, आणि त्याबरोबर माग वर येतात. ज्या रेकॉर्डर ॲपमध्ये ही आपोआप चालणारी सोय बंद करून पातळी हाताने ठरवता येते, असे ॲप घ्यावे. शून्यावर आवाज फाटतो, म्हणून सर्वांत मोठ्या ठिकाणी पातळी शून्याखाली सहा डेसिबलच्या (-६) वर जाणार नाही अशी ठेवून ती पुन्हा हलवू नये. ढोलकी तुमचीच असल्यामुळे चाचणीही तुम्हीच द्यावी, आणि तीही हातचे न राखता. चाचणीला हळू वाजवून कार्यक्रमात अंगात आल्यासारखे वाजवणारे ढोलकीवाले मी पाहिले आहेत.

मोबाइल ढोलकीशेजारच्या खुर्चीवर किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नये. कपाट प्रत्येक थापेला थरथरते आणि ती थरथर थेट माइकमध्ये उतरते. वादकांपासून सहा-सात फुटांवर, छातीच्या उंचीला, घडी घातलेल्या चादरीवर तो ठेवावा आणि फ्लाइट मोड लावावा, नाहीतर नेमक्या चांगल्या खेपेत कुणाच्या तरी मामांचा फोन येतो.

चादरीवरून आठवले. रिकाम्या खोलीतला घुमारा कमी करायला मुंबई-पुण्यात लोक फोमच्या पट्ट्या विकत आणतात. सोलापुरात हा खर्च करण्याचे कारण नाही. मागच्या आणि एका बाजूच्या भिंतीवर जाड सोलापुरी चादरी, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून दोरीवर टांगल्या, की टाळ्यांचा आणि झांजांचा चिरका प्रतिध्वनी बराच बसतो. मात्र चादर खोलीतला घुमारा शोषते, भिंतीपलीकडून येणारी मागांची धडधड ती अडवू शकत नाही. त्यासाठी माग ज्या भिंतीला आहेत तिच्याकडे माइकची पाठ करावी, आणि जमल्यास पाळी बदलताना माग थांबतात त्या वेळेत पक्की खेप घ्यावी. शेजाऱ्याला वेळ विचारून ठेवली तर तो आनंदाने सांगेल. त्यालाही तुमची ढोलकी ऐकावीच लागते.

प्रश्न : आम्ही लग्नाच्या वरातीत सिनेमाची गाणी वाजवतो, त्याला कुणी हरकत घेत नाही. मग त्याच गाण्यांची तालीम यूट्यूबवर टाकली तर काय बिघडले? आम्ही अभंगही वाजवतो.
– बँजो पार्टीतील एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात गाणे वाजवण्यास सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यात स्पष्टीकरण देऊन धरले आहेत. ही सूट समारंभात वाजवण्यापुरती आहे. तेच गाणे इंटरनेटवर चढवणे ही वेगळी गोष्ट ठरते, कारण गीत आणि संगीत यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. प्रत्यक्षात काय घडते, तर यूट्यूबची आपोआप तपासणी यंत्रणा चाल ओळखू शकते. मग व्हिडिओवर जाहिराती लागल्यास त्यांचे पैसे हक्कदाराकडे जातात, किंवा व्हिडिओ अडवला जातो. ‘अनलिस्टेड’, म्हणजे फक्त दुवा असलेल्यांनाच दिसेल असा ठेवल्यानेही ही तपासणी चुकत नाही. आपसात ऐकण्यासाठी आठ जणांचे बंद फोल्डर असताना यूट्यूबच्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय फोन क्रमांकाची खातरजमा केल्याशिवाय तिथे पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही.

अभंगांच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवावा. तुकोबांचे किंवा ज्ञानोबांचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत, पण त्यांना अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल त्याची आहे. वारीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीत तुम्ही तो वाजवलात, तर तुमचे रेकॉर्डिंग निःशंक सर्वांसाठी खुले करा; फक्त कार्यक्रमासाठी लोकांना दाखवायची खेप निवडताना तालमीतली पहिली नव्हे, तर शेवटची घ्या.