‘उन्हाळी’ लागणे आणि जंतुसंसर्ग

प्रश्न : मी 41 वर्षांची, नागपुरातील शिक्षिका आहे. होळीपासून लघवीची जळजळ तिसऱ्यांदा सुरू झाली आहे. मागच्या वेळी औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि बरे वाटताच दोन दिवसांत बंद केल्या. सासूबाई पळसफुलांचे पाणी देतात, शेजारच्या काकूंनी इतवारीतून गोखरूचे चूर्ण आणून दिले आहे. प्रतिजैविके टाळून वनौषधींनी बरे होता येईल का?

उत्तर : आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात तेव्हा दोन निराळे त्रास एकाच शब्दात येतात. नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडले की लघवी गडद होते आणि जळजळते. अशा वेळी धन्याचे किंवा पळसफुलांचे पाणी घेऊन आराम पडतो, आणि त्यात पोटात गेलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो. परंतु थेंबथेंब लघवी, सतत कळ, ओटीपोटात दुखणे आणि लघवीचा गढूळपणा ही लक्षणे असतील, तर बहुधा आतड्यातील ई. कोलाय हा जंतू मूत्राशयात शिरलेला असतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असल्यामुळे त्याला फार प्रवास करावा लागत नाही.

गोखरू आयुर्वेदात मूत्रल (लघवी वाढवणारा) म्हणून मानाने वापरला जातो. मात्र त्याने असा जंतुसंसर्ग बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. युरोपात याच कामासाठी अस्वलद्राक्षाची (बेअरबेरी या झुडपाची) पाने वापरतात. जर्मनीत प्रतिजैविकाशी तुलना करून ती तपासली, तेव्हा अनेक स्त्रियांना प्रतिजैविक लागले नाही, पण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचण्याचे प्रसंग पानांच्या गटात अधिक दिसले. क्रॅनबेरीची गोष्ट वेगळी आहे : वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांमध्ये ती पुढचा संसर्ग टाळण्यास काही अंशी मदत करते, असे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात आढळले, झालेला संसर्ग मात्र ती बरा करत नाही. (करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे, हेही सांगून ठेवतो.)

शाळेतील स्वच्छतागृह नको म्हणून शिक्षिका दिवसभर पाणी टाळतात, हे मी नेहमी ऐकतो. आपलेही तसेच असल्यास खरा उपाय तिथे आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या 140 स्त्रियांच्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले, निम्म्या स्त्रियांना वर्षभर रोज दीड लिटर जादा पाणी पिण्यास सांगितले. त्यांना वर्षात सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, इतरांना 3.2 वेळा.

सहा महिन्यांत दोनदा संसर्ग झाला की तो ‘वारंवार’ होणारा मानतात, तेव्हा या खेपेस अंदाजाने गोळी घेऊ नका. आधी लघवीची कल्चर तपासणी करावी, म्हणजे जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते कळते, ई. कोलाय आपल्या देशात अनेक जुन्या गोळ्यांना जुमानत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन साधारण पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची एकच मात्रा पुष्कळदा पुरते, पण निवड डॉक्टरांची. सोबत धन्याचे पाणी खुशाल घ्या आणि चूर्ण घेत असल्याचे डॉक्टरांना सांगा. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या यांपैकी काहीही झाले तर चूर्णाचा डबा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेहींनी तर ही लक्षणे दिसेपर्यंतही वाट पाहू नये.