'डिले' म्हणजे विलंब की थांबा?

नागपूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने ऑपरेटिंग सिस्टिमची टिपणं मराठीत आणायला घेतली आहेत. 'वारसा उपकरणांसाठी कर्नल विलंब करतो' असं तिचं एक वाक्य आहे; कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. 'डिले'ला विलंब आणि 'लेगसी'ला वारसा हे शब्द चालतील का, असं तिने विचारलं आहे.

विलंब नको. विलंब म्हणजे ठरलेली वेळ हुकणं. नागपूर स्टेशनावर गाडी उभी राहते तो थांबा, वेळापत्रकातच लिहिलेला. तीच गाडी इटारसीपासून चाळीस मिनिटं मागे पडली, तर तो विलंब. अजनीच्या आउटरवर उगाच उभी ठेवली, तर खोळंबा. कर्नलमधला डिले पहिल्या जातीचा आहे. लिहिणाऱ्याने तो समजून-उमजून घातलेला असतो. 'विलंब' हा शब्द 'लेटन्सी'साठी, म्हणजे मागणी आणि प्रतिसाद यांच्यात नाइलाजाने जाणाऱ्या वेळेसाठी, राखून ठेवा. दोन्हींना एकच शब्द दिलात तर वाचणाऱ्याची पंचाईत होईल.

मुळात थांबावं का लागतं? पहिल्या पीसींच्या काळातल्या चिपा, म्हणजे ८२५९ हा इंटरप्ट कंट्रोलर (उपकरणांच्या हाका प्रोसेसरपर्यंत पोचवणारा) किंवा ८२५३ हा टायमर, यांना लागोपाठ दोन आज्ञा दिल्या तर दुसरी पचत नाही. मध्ये थोडी उसंत लागते. प्रोसेसरला नुसतं मोजलेले फेरे मारायला लावून ती द्यावी, तर प्रोसेसर वेगवान झाला की फेरेही झटपट संपतात. म्हणून लिनक्स या कर्नलने एक युक्ती केली : षोडशमान पद्धतीतल्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे उपकरणांशी बोलायच्या एका दारावर, एक बिनकामाचा बाइट लिहायचा. तो जुन्या आयएसए बसच्या, म्हणजे पहिल्या पीसींमधल्या संथ जोडमार्गाच्या, चालीने जातो आणि त्यात साधारण १ मायक्रोसेकंद निघून जातो, मग प्रोसेसर कितीही चपळ असो.

नागपूरच्या बर्डीवरच्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मदरबोर्डवर डीबग कार्ड खोचलेलं होतं, दोन लाल आकडे दाखवणारं. चालू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, आपण कुठवर आलो ते याच ८० पोर्टवर लिहितं आणि कार्ड ते दाखवतं. बायोसचं काम संपलं, आकडे स्थिरावले. लिनक्स सुरू झालं आणि ते पुन्हा भराभर बदलू लागले. बिघाड झाला असं मला वाटलं. दुकानदार म्हणाले, "ते वाचू नका भाऊ, तो थांबून राहिला." 'तो' म्हणजे कर्नल; आकडे त्याच्या बिनकामाच्या बाइटांचे होते.

हे 'थांबून राहिला' मला फार मोलाचं वाटतं. पुण्याच्या माणसाला त्यातून 'मागे राहून गेला' असं ऐकू येईल. नागपुरात 'करून राहिला', 'जाऊन राहिला' म्हणजे क्रिया या घडीला चालू आहे. थांबणं हीच चालू क्रिया! 'यूडिले' या मायक्रोसेकंदांत थांबवणाऱ्या कर्नलच्या फंक्शनमध्ये प्रोसेसर नेमकं हेच करतो, थांबण्यातच गुंतलेला असतो आणि आपणहून दुसरं काही हाती घेत नाही. प्रमाण मराठीत यासाठी 'ताटकळणं' आहे, तो शब्द बेधडक वापरा.

मिलिसेकंदांत थांबवणाऱ्या 'एमस्लीप' या फंक्शनची गोष्ट वेगळी. तिथे काम बाजूला सरतं, प्रोसेसर दुसऱ्याला मिळतो, वेळ झाली की टायमर उठवतो. तिला झोपच म्हणावं. या झोपेची हमी 'निदान इतकी' एवढीच असते; १ मिलिसेकंद मागितली तर कधी २० पर्यंतही लांबते. ही वरची भर मात्र खरा विलंब.

८० पोर्टची युक्तीही सगळीकडे चालली नाही. २००७च्या सुमाराचे काही लॅपटॉप त्या लिहिण्याने गोठायचे. २००८मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत मग सोय झाली : दुसरा पोर्ट घ्या, मोजून ताटकळा, किंवा थांबूच नका.

आता 'वारसा'. हा शब्द आपण अभिमानाने जपायच्या गोष्टींना लावतो. १९९१मध्ये लिनक्स ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्मलं, त्याचाच आधार २०१३च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला. वारशाशी कुणी असं वागत नाही. 'जुनी उपकरणं' पुरे. 'सपोर्ट'साठी मात्र आपल्या घरातलं क्रियापद आहे, सांभाळून घेणं. तुमचं वाक्य मी असं लिहीन : 'जुन्या चिपांना सांभाळून घ्यायला कर्नल दोन आज्ञांच्या मध्ये जरा थांबतो.'