कॉलेजात पण पेपरला जास्तीचा वेळ मिळतो का?

प्रश्न : नमस्कार ताई, मुलगी बीकॉम सेकंड इयरला आहे. तिला डिसग्राफिया आहे, तोंडी विचारलं की धडाधड सांगते पण लिहायला फार वेळ लागतो. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मिळाला होता, आता कॉलेजवाले म्हणतात ते सगळं शाळेपुरतं, इथे सगळ्यांना सारखाच वेळ. मागच्या सेमिस्टरला येत असलेली उत्तरं राहून गेली. आता ती म्हणते, आई तू कुणाला काही बोलू नकोस, सगळे बघतात. काय करू?
— एक आई, इंदूर

उत्तर : ताई, शाळेपुरतं वगैरे काही नसतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारच्या अक्षमता दिल्यात त्यात तिचा त्रास येतो, डिसलेक्सिया येतो, ऑटिझम पण येतो (एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, त्याचं वेगळं नाव नाही, ही मला मोठी उणीव वाटते). पेपरला तासाला कमीत कमी 20 मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, असं केंद्राच्या नियमांतच आहे. 2021 मध्ये नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देणाऱ्या डिसग्राफियाच्याच एका मुलीला हा तास नाकारला होता, सुप्रीम कोर्टाने तिच्यावर अन्याय झाला असं स्पष्ट म्हटलं. त्याच वर्षी कोर्टाने हेही सांगितलं की रायटर (सांगेल ते लिहून देणारा) मिळायला 40 टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, तेव्हा टक्केवारीचं कारण पुढे आलं तर हे दाखवा.

आता काउंटरवर तोंडी विचारणं बंद करा, तोंडी नकाराचा काही पुरावा राहत नाही. प्राचार्यांच्या नावाने हिंदीत अर्ज, सोबत डिसग्राफियाचं सर्टिफिकेट, बोर्डाच्या वेळची परवानगी असेल तर तिची झेरॉक्स, आणि आवक शाखेचा शिक्का आपल्या कॉपीवर घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. हे परीक्षा फॉर्म भरतानाच करा, कारण ऐन पेपरच्या दिवशी केंद्रावर कुणी ऐकत नाही. सर्टिफिकेट जुनं असेल तर जिल्हा रुग्णालयात विचारून नवं करून घ्या आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पण काढा. तरी नाही म्हणाले तर लेखी नकार मागा, युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागाला कळवा, मग भोपाळला निःशक्तजन आयुक्त आहेत त्यांच्याकडे तक्रार करता येते.

आणि मुलगी नको म्हणतेय तर तिच्या पाठीमागे काही करू नका, ती सज्ञान आहे, अर्ज तिच्याच सहीने जायला हवा. तिला विचारा नेमकं काय नकोय, बहुतेक वेळा जास्तीचा तास नको नसतो, सगळे उठून गेल्यावर एकटीने लिहीत बसणं नको असतं. मग अर्जातच वेगळी खोली मागा.