गुपचूप पॅच टाकू नका, आधी दिवस आणि वेळ कळवा

तुमच्या होमस्टे-बुकिंगच्या ओपन सोर्स मोड्यूलमध्ये सुरक्षेचं भोक सापडलंय, दिवेआगरपासून तारकर्लीपर्यंत लोक ते वापरतात, आणि गुपचूप दुरुस्ती (पॅच) टाकावी की सगळ्यांना सांगावं हे ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून २०१४ आठवलं. सीव्हीई नंबर (अशा भोकांना मिळणारा नोंदणी क्रमांक) वगैरे तुम्ही घ्यालच, ते सोडतो.

गुपचूप नकोच. कोड उघडा आहे. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवली की हल्लेखोराला भोक दिसतं. अंधारात राहतो तो वापरणारा.

१५ ऑक्टोबर २०१४, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. रात्री साडेनऊच्या सुमारास ड्रुपल या वेबसाइट चालवणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची, एक मोठं भोक बुजवणारी ७.३२ आवृत्ती आली. रत्नागिरीतल्या एका संस्थेची ड्रुपलवरची साइट माझ्याकडे होती, पण सूचनांसाठी मी त्यांच्या ऑफिसचा ईमेल दिलेला. तो कुणी उघडलाच नाही. सोमवारी, २० तारखेला मला कळलं. अपडेट केलं आणि निर्धास्तपणे दिवाळीच्या तयारीला लागलो. तीच चूक सगळ्यात महाग पडली. २९ तारखेला ड्रुपलने कळवलं की पहिल्या सात तासांत, म्हणजे आपल्या पहाटे साडेचारपर्यंत, पॅच केलं नसेल तर साइट फुटली असंच धरा. आत शिरलेला नुसत्या अपडेटने बाहेर जात नाही. डेटाबेसमधलं मेनू-राउटरचं टेबल (साइटच्या कोणत्या पत्त्यावर काय चालवायचं याची यादी) उघडलं, तर त्यात आम्ही कधीच न लिहिलेली एक ओळ, सर्व्हरवर फाइल तयार करणारी! पंधरा तारखेआधीचा बॅकअप मागितला तर ऑफिसातून उत्तर, 'साहेब रजेवर आहेत, अर्ज देऊन ठेवा.' अकरा दिवस गेले. अजून संताप येतो.

म्हणून सूचनेत 'अपडेट करा' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या आवृत्त्या धोक्यात, घुसखोरीची खूण कुठे शोधायची, उशीर झाला असेल तर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी लिहा.

२०१८ मध्ये ड्रुपलनेच हे नीट केलं. २१ मार्चला सांगितलं की २८ मार्चला, आपल्या रात्री साडेअकरा ते एकच्या दरम्यान, पॅच येईल. भोक कुठे ते सांगितलं नाही. मी ताजा बॅकअप घेतला, इन्व्हर्टर भरून ठेवला आणि जागा राहिलो. उजाडायच्या आत सगळ्या साइट झाल्या.

मी काही सिक्युरिटीतला तज्ज्ञ नाही, आणि हल्ले आधीच सुरू असतील तर आठवडाभर थांबणं चुकीचं. तेव्हा लगेच सांगा. पण वेळ हातात असेल तर आधी तारीख द्या, आणि होमस्टेवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या मराठीत कळवा. फक्त गणपतीचा आठवडा टाळा, तेव्हा आपल्याकडे लॅपटॉप कुणी उघडत नाही.