वडिलांच्या जीपला सुपरचार्जर

इंजिन-सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९६८ सालची पेट्रोल जीप माझ्याकडे आहे. हरिकेन इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, गाडी चालू आहे. मोबाइलवर अमेरिकेतल्या हॉट रॉड, म्हणजे इंजिन ताकदवान केलेल्या जुन्या गाड्या, पाहून तसा सुपरचार्जर लावायचं मनात बसलं आहे. नागपूरला एका कबाड्याकडे टोयोटाचा एससी-१२ सुपरचार्जर पाहिला, १४ हजार सांगतो. सगळं मिळून ६० हजारांच्या वर माझी ऐपत नाही. गाडी रोजच्या कामाची नाही. पोळ्याला, दसऱ्याला आणि कधी वावरात जाण्यापुरती. इंजिन न बिघडता हे जमेल काय जी?
— एक वाचक, ता. मारेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : जमते भाऊ. अशाच एका जीपला मी ब्लोअर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर, बसवला आहे आणि माझ्याच चुकीनं तिचा एक पिस्टन जळाला आहे. दोन्ही सांगतो.

आधी तुम्ही मोबाइलवर पाहिलेल्या, बॉनेटमधून वर डोकावणाऱ्या त्या पेटाऱ्याबद्दल. तो बहुतेक ६-७१ जातीचा असतो. जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाला स्वतःहून हवा ओढता येत नाही, ती आत ढकलावी लागते. त्यासाठी तो ब्लोअर होता. ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. ट्रक-बसवरचे हे ब्लोअर तिकडच्या पोरांनी काढून व्ही-८ इंजिनांवर चढवले. म्हणजे त्यांचाही खेळ कबाडातूनच सुरू झाला, तुम्ही काही वेगळं करत नाही आहात. त्यातलं मूळ यंत्र तर गाड्यांच्याही आधीचं. रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चंद्रपूरकडे सिमेंट कारखान्यात राबलेल्या फिटरला विचारा. पाइपातून राख आणि सिमेंट ढकलायला तोच ब्लोअर असतो. दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि हवा पुढे लोटतात.

६-७१ तुमच्या इंजिनाला अवाढव्य होईल. ते अख्खं इंजिन १३४ घनइंचाचं, म्हणजे २,१९९ सीसी. एससी-१२ मात्र मापात बसतो, आणि हे गणित तुम्ही स्वतः करून पाहावं असं मला वाटतं. चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) एका फेऱ्यात आपल्या सीसीच्या निम्मी हवा घेतं, म्हणजे ११०० सीसी. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, ८० टक्के धरा, ८८० सीसी. एससी-१२ एका फेऱ्यात १२०० सीसी लोटतो. रोटरच्या फटीतून थोडी हवा मागे गळते. पुल्या सारख्या मापाच्या ठेवल्या, क्रँकचा एक फेरा तर ब्लोअरचा एक, तर साधारण चार-पाच पीएसआय (चौरस इंचावर तेवढे पौंड) दाब मिळेल. तेवढ्यावर थांबा. कुणी लहान पुली लावून आठ पीएसआय काढून देतो म्हणाला तर त्याला हात जोडा.

हरिकेनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ६.९ ला १ आहे, आणि सुपरचार्जरसाठी हीच त्याची जमेची बाजू. हवेचा दाब १४.७ पीएसआय, त्यावर पाच चढवले तर ६.९ चं काम ९.२ सारखं होतं. आजच्या पेट्रोलवर ते चालून जातं. पण क्रँक फक्त तीन मेन बेअरिंगवर आहे आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १११ मिलिमीटर लांब. हे इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर पळवायचं नाही, ब्लोअर असो वा नसो. रूट्स ब्लोअरचा खरा फायदा खालच्या फेऱ्यांत आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या धुऱ्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये निघताना तुम्हाला तो कळेल. ७२ हॉर्सपॉवरचे ८५-९० झाले तर भरून पावलो म्हणा, कारण पाच-सहा हॉर्सपॉवर ब्लोअर स्वतः फिरण्यातच खातो.

आता माझ्या हातून काय झालं ते.

२०११ च्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याच्या जीपवर ब्लोअर चढवला. पाइप, पुली, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) सगळं मनासारखं जमलं. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मात्र मी होतं तिथेच ठेवलं, गाडी झकास उचलत होती म्हणून. मे महिन्यात, भर दुपारी, मागे ट्रॉली लावून मालक चढावर गेला. डब्यात खडे हलवावेत तशी बारीक खडखड येत होती. त्याला वाटलं टॅपेट वाजतात. हेड उघडलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर, कडेला, रुपयाएवढं भोक होतं. भोकाच्या कडा तुटलेल्या नव्हत्या. वितळून थिजल्या होत्या, कढईच्या काठावर गुळाचा पाक थिजतो तशा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चमकते कण बसले होते, मिठासारखे बारीक. दाबलेली, तापलेली हवा आणि त्यावर लवकर पडणारी ठिणगी यांनी मिश्रण जळण्याऐवजी फुटत होतं. प्रत्येक पीएसआयला एक अंश टायमिंग मागे घ्यायचं, एवढंच मी करायला हवं होतं. तुमच्या पाच पीएसआयला पाच अंश. प्लग एक नंबर थंड जातीचा घ्या आणि त्याची फट थोडी कमी करा, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते.

आता ६० हजार कुठे घालायचे. कबाड्याकडे जाण्याआधी गाडी कॉम्प्रेशन गेजवर लावा. चारही सिलिंडरमधला फरक १० पीएसआयच्या आत हवा. नसेल तर यंदा सुपरचार्जर विसरा आणि पैसे बोअर, रिंगा, बेअरिंगमध्ये घाला. हे वाचून मन खट्टू होईल, पण धुरकटलेल्या इंजिनावर ब्लोअर चढवणं म्हणजे ताप आलेल्या बैलाला वखराला जुंपणं. दुसरं, पाणी. आपल्याकडे जन्मभर बोअरचं क्षाराचं पाणी घालतात आणि ब्लॉकमध्ये चुन्याचा थर चढतो. ब्लॉकच्या गोल टोप्या काढून मागच्या सिलिंडरभोवती तार फिरवा. खरवडून मूठभर पांढरा चुरा निघाला तर नवल नाही. रेडिएटर खोलून साफ करून घ्या आणि पुढे कूलंटच घाला.

एससी-१२ घेताना रोटर हातानं फिरवा. अडकता कामा नये, धातूवर धातू घासल्याचा आवाज नको. रोटरवरचा लेप पोपडे सुटल्यासारखा निघत असेल तर १४ काय, ४ हजारांतही घेऊ नका. त्याच्या गिअरच्या डब्यात वेगळं तेल असतं. ते काळं आणि चमचमणारं निघालं तर गिअर झिजले आहेत. पुलीवर विजेचा क्लच आहे. क्लच सोडला की हवेला दुसरी वाट द्यावी लागते, तो नवा खर्च. म्हणून टर्नरकडून क्लच कायमचा पक्का करून घ्या.

कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी लावा, म्हणजे ब्लोअरनं हवा आणि पेट्रोल दोन्ही ओढावं. कार्बोरेटर ब्लोअरनंतर ठेवला तर तो सीलबंद करावा लागतो आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा दाबही वाढवावा लागतो. कमी पैशात ते झेपत नाही. हरिकेनमध्ये इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली आहे आणि कार्बोरेटर हेडच्या डोक्यावर बसतो. म्हणजे त्याच जागी फ्लँज लावून ब्लोअरचा पाइप जोडता येतो, मूळ हेडला छिद्र न पाडता. पाइप आखूड आणि हेडकडे उतरता ठेवा, नाहीतर पेट्रोल तळाशी साचतं. ब्लोअर मात्र इंजिनाच्या बाजूला बसेल. बॉनेटमधून डोकावणार नाही, एवढी हौस सोडावी लागेल. पेट्रोलच्या वाफेनं बेअरिंगचं ग्रीस धुतलं जातं, म्हणून दर वर्षी ते उघडून पाहा.

हा पाइप पेट्रोलच्या मिश्रणानं भरलेला असतो. इंजिन कार्बोरेटरकडे भडकलं तर तो फुटतो. त्यावर स्प्रिंगची झाकणी हवी, आतला दाब वाढला की उघडणारी. इथे एक रुपयाही वाचवू नका, आणि गाडीत अग्निशामक ठेवा. क्रँककेसची वाफ इनटेकला नेणारी नळी असेल तर तिचा व्हॉल्व्ह उलटा दाब अडवतो का, तेही तपासा. नाहीतर दाब ऑइल चेंबरमध्ये जाऊन सील ढकलतो.

पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल आहे. इथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं, म्हणून सुपरचार्जर नसतानाही जुना जेट थोडा लहानच पडतो. जेट मोठे आणा आणि एक वाइडबँड ऑक्सिजन मीटर सायलेन्सरच्या पाइपात बसवा. त्यावर लॅम्ब्डाचा आकडा वाचा (१ म्हणजे हवा-पेट्रोल बेतशीर, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त), म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल किती याचा घोळ राहत नाही. दाबाखाली ०.८ च्या आसपास हवा. ०.९ च्या वर गेला की त्या क्षणी पाय काढा. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या जुन्या रबराच्या असतील तर इथेनॉलनं फुगतात आणि मऊ पडतात. त्या आधीच बदला.

पट्ट्याची काळजी तुम्हाला नको. वणी-पांढरकवड्याच्या जिनिंगमधला कुठलाही जुना मिस्त्री दोरी धरून दोन पुल्या एका रेषेत आणून देईल. पट्टा दुहेरी घ्या आणि ताण देणारी पुली सैल बाजूला लावा. ब्रॅकेट, पुल्या, पाइप मिळून ब्लोअरच्या किमतीइतकं तरी टर्नरकडे जाईल. उरलेल्यात मीटर, जेट, रबर आणि रेडिएटर बसतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण महत्त्वाची आहे. गाडी ५० वर्षांच्या वरची आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरसह. पण त्यासाठी ती मूळ रूपात हवी. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरबदलांवर बंधन आहे, आणि नियम मोडून केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा कैदेची तरतूद आहे. आधी आरटीओत जाऊन विचारा. विम्याच्या कंपनीलाही कळवा. आणि वडिलांच्या हाताचा तो सोलेक्स, मूळ पुली, मूळ नट-बोल्ट तेलाच्या फडक्यात बांधून, चिठ्ठी लावून ठेवा. ब्लोअर उतरवून एका दिवसात जीप पुन्हा तशीच करता यावी, अशाच बेतानं काम करा.

प्रश्न : ऑनलाइन ३,५०० रुपयांत बारा व्होल्टचा ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ मिळतो. एअर फिल्टरच्या नळीत बसतो. घेऊ का?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : घेऊ नका. वरच्या जीपइतक्या इंजिनाला पाच पीएसआय दाब द्यायला तीन-चार किलोवॅट लागतात. बारा व्होल्टवर ते अडीचशे अँपिअरच्या वर जातं. तुमच्या नळीतल्या पंख्याची तार पाहा, शिवणाच्या दोऱ्याएवढी असेल. असा पंखा उलट हवेच्या वाटेत आडवा येतो. त्या पैशात नवा एअर फिल्टर, प्लग आणि डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बदला, आणि मग टायमिंग लाइट लावून टायमिंग पाहून घ्या.